गुप्त मंडळी आणि टोळी : एक भेद

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांच्या गुप्त संघटनांचा विचार करू लागताच अभ्यासकाची दृष्टी १९०४ च्या ‘अभिनव भारता’कडे वळते. शपथ, ध्येय व आत्मबलिदानाची सिद्धता ही त्या मंडळीची लक्षणे होत. १९०९ साली नाशिकास जॅक्सनचा वध करणारा अनंत कान्हेरे विद्यार्थीच होता.

पुण्याच्या अभिनव कला महाविद्यालयातील एका विद्यार्थीगटास मात्र हे माप लागू पडत नाही. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या अवधीत या गटाने दहा खून केले. पहिला बळी त्यांच्याच ओळखीचा तरुण होता. त्याचे प्रेत पिंपात घालून स्वारगेटनजीकच्या पेशवे पार्कातील तळ्यात बुडविण्यात आले. पुढे जोशी व अभ्यंकर कुटुंबांतील मंडळी मारली गेली. संस्कृत व्याकरणाचे कोशकार काशीनाथशास्त्री अभ्यंकर हे त्यांपैकीच एक.

येथे शपथ नव्हती, तत्त्वज्ञान नव्हते. हेतू लुटीचा होता. मग गट टिकला कशाने? पहिल्या कृत्यातील सहभागाने प्रत्येकजण दुसऱ्याच्या हाती सापडला, असे म्हणणे युक्त होईल. मौन दोन्हीकडे फुटले. नाशिकच्या खटल्यातही माफीचे साक्षीदार निघालेच. भेद आहे तो मौनामागील आशयाचा. कान्हेऱ्यांच्या कृत्याचे समर्थन वा खंडन करता येते. कारण त्यामागे एक विचार होता. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या चौघांमागे वादास विषयच उरला नाही. ‘गुप्त संघटना’ ही संज्ञा योजताना हा विवेक राखणे अगत्याचे आहे.