गाडीतली वायर लांबली की डेटाचा वेग का कमी करावा लागतो?

आजच्या गाडीत इंजिन, एबीएस, एअरबॅग, मीटर अशा प्रत्येक भागासाठी छोटा संगणक असतो. त्याला ईसीयू म्हणतात. प्रत्येक ईसीयू दुसऱ्या प्रत्येकाला स्वतंत्र वायरने जोडायचा तर वायरिंगचा गुंता होईल. म्हणून बॉश या जर्मन कंपनीने १९८६ मध्ये ‘कॅन बस’ ही पद्धत मांडली. यात पीळ घातलेल्या दोन वायरींची एकच जोडी असते आणि सगळे ईसीयू तिच्यावरच बोलतात.

कॅन बसचा वेग सेकंदाला १० लाख बिट ठेवला, तर वायर साधारण ४० मीटरच चालते. ५ लाखांवर सुमारे १०० मीटर, सव्वा लाखावर ५०० मीटर आणि ५० हजारांवर १ किलोमीटर.

असे का? वायरीत सिग्नल क्षीण होतो म्हणून, असे अनेकांना वाटते. खरे कारण वेगळे आहे.

दोन ईसीयू एकाच वेळी बोलू लागले, तर आधी कोणाचा संदेश जाणार हे वायरीवरच ठरते. संदेशाच्या सुरुवातीला त्याचा क्रमांक असतो आणि वायरीवर ‘०’ हा ‘१’ला दाबून टाकतो. आपण ‘१’ पाठवला, पण वायरीवर ‘०’ दिसतोय, हे कळताच तो ईसीयू गप्प होतो. दुसऱ्याचा संदेश अजिबात न बिघडता पुढे जातो. पण त्यासाठी एका टोकाचा बिट दुसऱ्या टोकाला पोहोचून तिथले उत्तर परत यायला हवे, तेही तोच बिट चालू असताना.

सिग्नलला १ मीटर जायला सुमारे ५ नॅनोसेकंद लागतात. ४० मीटर जाऊन-येऊन ४०० झाले. १० लाखांच्या वेगात एक बिट टिकतो जेमतेम १००० नॅनोसेकंद, आणि उरलेला बराच वेळ दोन्ही टोकांच्या चिप खातात. वायर वाढवायची तर बिट लांबवायचा, म्हणजेच वेग कमी करायचा.

ईसीयूंची संख्या वाढली की आणखी अडचण. जोडलेला प्रत्येक ईसीयू वायरीवर थोडा भार टाकतो, सिग्नलची चढ-उतार मंदावते. मुख्य वायरीतून काढलेल्या फाट्यांच्या टोकांवरून सिग्नल उलटा परततो, तो त्रास वेगळाच. ट्रकसाठीच्या जे-१९३९ मानकात वेग अडीच लाख बिट, तरीही लांबी ४० मीटर, ईसीयू ३० आणि फाटा १ मीटरपर्यंतच. १० लाखांच्या वेगात तर फाटा ३० सेंटीमीटरपेक्षा लांब नको.

२०१२ मध्ये आलेल्या कॅन एफडीने यातून वाट काढली. कोण बोलणार हे जुन्याच वेगाने ठरते. एकच जण उरला की पुढचा डेटा कितीतरी पट वेगाने जातो.

बाहेरून जीपीएस ट्रॅकर बसवून घेतल्यावर गाडीत विचित्र दिवे लागू लागले, तर लांब फाटा हे एक कारण असू शकते. आणखी एक तपासता येते. बसच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोधक असतो, त्यामुळे बॅटरी काढून दोन वायरींमध्ये मल्टिमीटर लावल्यास सुमारे ६० ओहम दिसायला हवेत. ४० दिसले, तर नव्या उपकरणाने तिसरा रोधक घुसवला असण्याची शक्यता आहे. १२० दिसले, तर एक टोक सुटले आहे.