सोन्याचीं पात्रें आणि जिवंत माणसें

पूजेचें पात्र मोडून विकणें हें पाप कीं पुण्य? चौथ्या शतकांत इटलींतील मिलान शहरीं ख्रिस्ती लोकांपुढें हा प्रश्न खरोखरच उभा राहिला होता.

सन ३७८ मध्यें एड्रियानोपल येथें गॉथ टोळ्यांनीं रोमन सैन्याचा धुव्वा उडविला. खुद्द बादशहा व्हॅलेन्स रणांत पडला. ही सनावळी मीं शाळेंत मुलांकडून अनेकदां घोकून घेतली. पण त्या धामधुमींत जे कैद झाले त्यांचें पुढें काय झालें, हें मात्र कधीं सांगितलें नाहीं. थ्रेस व इलिरिकम प्रांतांतील पुष्कळ स्त्रीपुरुष गुलामगिरींत विकले जात होते. मिलानचा बिशप अँब्रोज यानें प्रार्थनामंदिरांतील मौल्यवान पात्रें मोडलीं आणि त्या पैशानें कैदी सोडविले.

हीं कांहीं घरगुती भांडीं नव्हतीं. प्रभुभोजनाच्या विधींत द्राक्षारस घ्यावयाचा तो अशाच पेल्यांतून. त्यामुळें एरियन पंथाच्या विरोधकांनीं पवित्र पात्रें मोडल्याचा ठपका त्याच्यावर ठेवला. पुढें धर्मसेवकांच्या कर्तव्यांवरील ग्रंथांत त्यानें उत्तर दिलें. त्याचा आशय असा कीं, ख्रिस्तमंडळीचें सोनें सांठविण्यासाठीं नसून गरजवंतांसाठीं आहे. धातूच्या पात्रांहून जिवंत माणसें राखणें श्रेयस्कर. तथापि तो विधीला तुच्छ लेखीत नव्हता. आधीं विधींत न वापरलेलीं पात्रें शोधावीं. आणि पवित्र पेला भलत्याच उपयोगास लागूं नये म्हणून तो मोडून, वितळवूनच बाहेर द्यावा, असा क्रम त्यानें घालून दिला.

याच्याही पुढें गेला तो अमिडाचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानांतील दियारबाकिरचा, बिशप अकेशियस. सन ४२१-२२ च्या रोम-इराण युद्धांत रोमनांनीं धरलेले सात हजार इराणी कैदी उपाशी मरत होते, असें पांचव्या शतकांतील इतिहासकार सॉक्रेटिस सांगतो. देवाला खाण्यापिण्याची गरज नसल्यानें त्याला थाळे-पेले लागत नाहींत, हें आपल्या धर्मसेवकांस पटवून अकेशियसनें सोन्यारुप्याचीं पात्रें विकलीं, कैदी सोडविले, त्यांस जेवूं घातलें व वाटखर्च देऊन स्वदेशीं धाडलें. इराणांत तेव्हां ख्रिस्ती लोकांचा छळ चालू होता, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ह्या दयेचें मोल कळतें.

सहाव्या शतकांत जस्टिनियन बादशहाच्या कायद्यानें पवित्र पात्रें विकण्यास बंदी केली. पण कैद्यांच्या सुटकेसाठीं मुभा ठेविली.

ह्या विचाराचें मूळ शुभवर्तमानांत आहे. दयेला यज्ञाहून श्रेष्ठ ठरविणारें होशेय संदेष्ट्याचें वचन येशूनें दोनदां उद्धृत केल्याचें मत्तय सांगतो: एकदां जकातदारांच्या पंक्तीला बसल्याबद्दल बोल लागला तेव्हां, आणि एकदां भुकेल्या शिष्यांनीं शब्बाथाच्या दिवशीं कणसें मोडलीं तेव्हां. दोन्ही प्रसंग रोजच्या भाकरीचेच.

बहुतेक ख्रिस्ती घरांत सोन्याचे पेले नसतात. पण रविवारची घंटा वाजत असतां शेजारीं कोणी तापानें फणफणत असेल, तर त्या घरापुढेंही मिलानचाच प्रश्न उभा राहतो. तेथें निवड बऱ्या-वाइटांतली नसते. दोन चांगल्या गोष्टींतली असते. म्हणूनच ती अवघड. प्रार्थना तासाभरानें करतां येते. तहानेल्या रोग्याला पाणी मात्र तेव्हांच द्यावें लागतें.