सम्राट मोजायचा कशाने? रोम, सातवाहन आणि आपण

सध्या आपल्या तरुणांच्या मोबाईलवर सम्राटांची स्पर्धा लागली आहे. एकाने चंद्रगुप्ताचं चित्र टाकलं की दुसरा गौतमीपुत्र सातकर्णीचं टाकतो. खाली वाद ठरलेला: साम्राज्य कोणाचं मोठं, किती राजे हरवले आणि तो 'आपला' की 'त्यांचा'. ब्राह्मणी इतिहासलेखनाने बहुजनांचा इतिहास गाडला, त्यामुळे ही भूक समजण्यासारखी आहे. पण मित्रांनो, ज्या मापाने ते मोजतात त्याच मापाने आपणही मोजणार असू, तर बाबासाहेबांकडून आपण शिकलो काय?

18 जानेवारी 1943 रोजी बाबासाहेबांनी याच पुण्यात, गोखले मेमोरियल हॉलमध्ये न्यायमूर्ती रानड्यांवर भाषण केलं. थोर माणूस कोणाला म्हणायचं, हा त्या भाषणातला एक मुख्य प्रश्न. नुसता प्रामाणिकपणा आणि बुद्धी पुरत नाही, समाजहिताचा हेतू हवा आणि समाजातली घाण काढण्याची तयारी हवी, असं त्यांचं सांगणं होतं. विभूतिपूजेवर तर त्यांनी सडकून टीका केली. हे माप घेऊन आधी रोमला जाऊ, मग आपल्या सह्याद्रीत येऊ.

रोमच्या सम्राटांपैकी मार्कस ऑरेलियस (इ.स. 161 ते 180) हा 'तत्त्वज्ञ राजा' म्हणून जगभर गौरवला जातो. सर्व माणसं एकमेकांची नातेवाईक आहेत, असा विचार त्याने मांडला. पण त्याच्या काळातही गुलामगिरी चालूच राहिली. उलट कॅराकॅला घ्या. हा क्रूर माणूस. 211 मध्ये त्याने सख्ख्या भावाचा खून करवला. पण 212 मध्ये त्याच कॅराकॅलाने साम्राज्यातल्या जवळपास सर्व स्वतंत्र माणसांना रोमचं नागरिकत्व दिलं. करवसुली वाढवण्यासाठी दिलं, असं त्याच्याच काळातला इतिहासकार कॅसियस डिओ सांगतो. हेतू काहीही असो, कायदा बदलला आणि लाखो माणसांचा दर्जा बदलला. चांगल्या राजाचे चांगले विचार त्याच्याबरोबर जातात. मागे कायदा आणि व्यवस्था राहते.

रोमची गुलामगिरी भयानक होती. स्पार्टाकसचं बंड मोडल्यावर इ.स.पू. 71 मध्ये सुमारे 6000 गुलामांना रस्त्याच्या कडेने क्रुसावर टांगलं. नीरोच्या राज्यात, इ.स. 61 मध्ये, एका मालकाचा खून झाला म्हणून त्याच्या घरातल्या 400 गुलामांना ठार मारलं. तरीही तिथे एक दार होतं. रोमन नागरिकाने कायदेशीर रीतीने मुक्त केलेला गुलाम नागरिक होऊ शकत होता. 193 मध्ये सम्राट झालेला पर्टिनॅक्स हा अशाच मुक्त केलेल्या गुलामाचा मुलगा होता. गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करताना बाबासाहेबांनी नेमकं इथेच बोट ठेवलं: गुलामीतून सुटका शक्य होती, अस्पृश्यतेतून नव्हती. जन्माचा शिक्का पुसणारा मालकही नव्हता आणि राजाही नव्हता.

आता आपल्याकडे या. रोमचं सोनं-चांदी भारतात वाहून जातं, दरवर्षी 5 कोटी सेस्टर्स, अशी तक्रार रोमन लेखक प्लिनीने केली होती. त्या व्यापाराची एक वाट पुणे जिल्ह्यातून जात होती. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून नाणेघाट चढला की जुन्नर आणि पुढे पैठण. या वाटेवरच्या दगडांवर दोन वेगवेगळे हिशेब कोरलेले आहेत.

पहिला हिशेब नाणेघाटातला. सातवाहन राणी नागनिकेच्या तिथल्या लेखात अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची यादी आहे आणि दक्षिणेत दिलेल्या हजारो गायी, हत्ती, घोडे आणि कार्षापणं मोजून लिहिली आहेत. हा राजघराण्याचा खर्च.

दुसरा हिशेब जुन्नर आणि कार्ल्याच्या बुद्ध लेण्यांमधला. जुन्नरला धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दान दिलं. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याची नोंद आहे. चिट नावाच्या यवनाने, म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या परक्याने, संघासाठी भोजनमंडप दिला. कार्ल्याच्या सुमारे 45 मीटर लांब चैत्यगृहात सामी नावाच्या सुताराचं नाव आहे, सिंहदत्त नावाच्या गंध विकणाऱ्याचं आहे, खांब देणाऱ्या यवनांची आहेत, भिक्षुणींची आहेत. सुतार, परदेशी आणि बाई, तिघांची नावं एकाच छताखाली. ज्या धम्माने दान घेताना जन्म विचारला नाही, त्याचा हा दगडी पुरावा आहे. रोममध्ये नागरिकत्वासाठी राजाचा हुकूम लागला. इथे संघाच्या दारात उभं राहायला कुठल्याच राजाचा हुकूम लागला नाही.

मग गौतमीपुत्र सातकर्णीचं काय? नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांमध्ये, लेणे क्रमांक 3 मध्ये, त्याची आई गौतमी बलश्री हिने कोरवलेली प्रशस्ती आहे. आईच्या नावाने ओळखला जाणारा राजा आणि भिक्षूंना लेणं देणारी राजमाता, याचा अभिमान जरूर बाळगा. नगरवासीयांच्या सुखदुःखात तो सहभागी होता, धर्माने कर घेत होता, द्विज आणि इतर अशा दोघांच्याही कुटुंबांची त्याने भरभराट केली, असंही तिथे लिहिलं आहे. पण त्याच प्रशस्तीत त्याला 'एकबम्हण' म्हटलं आहे आणि त्याने चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला, हा त्याचा गौरव म्हणून सांगितला आहे. वर्णांची सरमिसळ रोखणं हा ज्या राजाचा पराक्रम म्हणून कोरला जातो, त्याला निव्वळ तो शूर होता म्हणून डोक्यावर घ्यायचं का? आणि बौद्ध लेण्याच्या भिंतीवरच हा गौरव कोरला गेला, हेही नीट ध्यानात ठेवा. दान मिळालं म्हणजे दात्याची व्यवस्था बदलली असं होत नाही.

ही राज्यकर्त्याची कल्पना त्या दगडावर संपली नाही. वर्ण राखणं हे राजाचं कर्तव्य, ही समजूत शतकानुशतकं टिकली. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याला कमरेला झाडू बांधावा लागे आणि थुंकण्यासाठी गळ्यात मडकं अडकवावं लागे, हे बाबासाहेबांनी 1936 च्या 'जातिप्रथेचे उच्चाटन' मध्ये नोंदवलं आहे. अटकेपार झेंडे लावल्याच्या गोष्टी सांगणारे या मडक्याबद्दल बोलत नाहीत. कारण त्यांचं माप घोड्याच्या टापांचं आहे, माणसाच्या मानेचं नाही.

याच पुण्यात जोतीराव फुल्यांनी वेगळं माप दिलं. 1873 मध्ये 'गुलामगिरी' लिहून त्यांनी ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, तिथल्या गुलामांच्या मुक्तीसाठी ते झटले म्हणून. बघा, अर्पणपत्रिकेत राजा नाही, सेनापती नाही. लोक आहेत.

तेव्हा पुढच्या रविवारी लेण्यांवर जाल तेव्हा फक्त सेल्फी काढून येऊ नका. लेण्याद्रीला जा आणि जिथे आज गिरिजात्मज गणपती आहे ते मूळचं बौद्ध विहार आहे, हे सोबतच्या पोरांना दाखवा. कार्ल्याला दर्शनी भिंतीवरची आणि खांबांवरची धम्मलिपी वाचायला शिका. तिथे सम्राटाचं नाव शोधण्याआधी सामी सुताराचं नाव शोधा. आणि कोणी 'आमचा सम्राट' म्हणून पोस्ट टाकली तर शांतपणे तीन प्रश्न विचारा: त्याच्या राज्यात खालच्या माणसाला वर यायला दार होतं का? ते दार कायद्याने उघडं होतं की राजाच्या मर्जीने? आणि राजा मेल्यावर ते उघडं राहिलं का?

रोमच्या सम्राटांना हे प्रश्न विचारा, सातवाहनांना विचारा, पेशव्यांना विचारा आणि आज निवडून आलेल्या राज्यकर्त्यांनाही विचारा. 26 जानेवारी 1950 पासून हे दार कोणाच्या मर्जीवर नाही, संविधानाच्या कलम 14 ते 17 वर उभं आहे. ज्यांना ते बंद करायचं आहे, ते तुम्हाला नवा सम्राट देऊ करतील. तो घेऊ नका.

जय भीम!