वाढ दाखवणारी इंग्रजी क्रियापदे आणि त्यांमागचा इतिहास

इतिहासाचा अभ्यास करताना तुम्हाला इंग्रजी अहवाल, जुनी वृत्तपत्रे, जनगणनेवरील लेख वाचावे लागतात. एखादी संख्या वाढली हे सांगताना त्यांत साधे 'वाढली' क्वचितच आढळते. ती 'मश्रूम' होते, 'स्कायरॉकेट' होते, 'एस्कलेट' किंवा 'एक्स्प्लोड' होते. आपण या सगळ्यांपुढे 'झपाट्याने वाढणे' एवढा अर्थ लिहून मोकळे होतो. पण यांतील प्रत्येक शब्दात एक चित्र आहे. ही वाढ कोणी घडवली आणि तिचा शेवट कसा होणार, याबद्दलचे मत ते चित्र आकड्याच्या आधीच आपल्या मनात पेरते.

'मश्रूम' घ्या. मराठीत आपण 'कुत्र्याच्या छत्र्यांसारखे उगवणे' म्हणतो. त्यातही कौतुक नसतेच. इंग्रजीतील तुच्छता बरीच जुनी आहे. क्रिस्टोफर मार्लोच्या १५९४ साली छापलेल्या 'एडवर्ड द सेकंड' या नाटकात राजाच्या मर्जीने वर चढलेल्या गॅव्हेस्टनला एक सरदार रातोरात उगवलेली अळंबी म्हणून हिणवतो. म्हणून शहरात झोपड्या 'मश्रूम' झाल्या असे वाचाल, तेव्हा त्या आपोआप उगवल्या असा भास होतो. गिरणी कधी निघाली, मजूर कुठून आले, त्यांना घरे का मिळाली नाहीत, हे प्रश्न मागे पडतात. (आपला 'पेव फुटणे' हा प्रयोग धान्य साठवण्याच्या जमिनीखालील पेवावरून आला. त्यात निदान धान्य कोणीतरी भरून ठेवलेले असते!)

'स्कायरॉकेट' हा मुळात आतषबाजीतला बाण. तो वर जातो, फुटतो आणि विझतो. किमतींना हे क्रियापद लावले की त्या लवकरच खाली येतील अशी आशा वाटते, जी बाजार क्वचितच पुरी करतो.

'एस्कलेट'ची कथा अधिक बोधक आहे. लॅटिनमध्ये 'स्काला' म्हणजे शिडी. त्यावरूनच शिड्या लावून तटावर चढण्याला 'एस्कलेड' म्हणत. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ओटिस कंपनीने सरकता जिना मांडला, त्याचे व्यापारी नाव 'एस्कलेटर'. हे नाव पुढे इतके सर्वसामान्य झाले की १९५० मध्ये अमेरिकेत कंपनीचा त्यावरील हक्कच गेला. त्याच दशकात अणुयुद्धाची चर्चा करणाऱ्यांनी यातून निघालेले क्रियापद उचलले: छोटा संघर्ष 'एस्कलेट' होऊन मोठा होतो. शिडीवर माणूस स्वतःच्या पायांनी चढतो. सरकत्या जिन्यावर नुसते उभे राहिले तरी पुरते. व्हिएतनाममधील अमेरिकी सैनिक १९६४ अखेर सुमारे २३ हजार होते, १९६५ अखेर सुमारे १ लाख ८४ हजार. युद्ध 'एस्कलेट' झाले असे वाक्य लिहिले की यातील प्रत्येक तुकडी कोणाच्या तरी आदेशाने गेली, हे दिसेनासे होते.

आता 'एक्स्प्लोड'. या शब्दाशी आपला थेट संबंध आहे. लॅटिनमध्ये याचा मूळ अर्थ टाळ्या वाजवून नटाला रंगमंचावरून हुसकावणे असा होता. इंग्रजीतही आधी तो एखादे मत धुडकावून लावण्यासाठी येई. दारूगोळ्याचा अर्थ नंतरचा. विसाव्या शतकाच्या मध्यावर तो लोकसंख्येला चिकटला आणि आपण त्याचे 'लोकसंख्येचा स्फोट' असे शब्दशः भाषांतर करून पाठ्यपुस्तकांत घातले. पॉल अर्लिकच्या १९६८ च्या 'द पॉप्युलेशन बॉम्ब' या पुस्तकाची सुरुवात दिल्लीतील गर्दीच्या रस्त्यावर, टॅक्सीतून होते. गंमत अशी, की तेव्हा पॅरिस महानगराची लोकसंख्या दिल्लीच्या दुपटीहून अधिक होती. पण पॅरिसमध्ये कोणाला स्फोट दिसला नाही.

आकडे पाहा. भारताची लोकसंख्या १९६१ मध्ये सुमारे ४३.९ कोटी आणि १९७१ मध्ये ५४.८ कोटी होती. दहा वर्षांत जवळजवळ २५ टक्के, म्हणजे वर्षाला सुमारे सव्वादोन टक्के. वाढ मोठीच होती, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण तिचे मुख्य कारण मृत्यू कमी झाले हे होते. १९५१ च्या सुमारास सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षे होते, १९७१ पर्यंत ते ४५ च्या आसपास गेले. मलेरियाविरोधी फवारणी, लसीकरण, दुष्काळातील धान्यपुरवठा यांचे हे फळ. 'स्फोट' या शब्दात या यशाला जागाच नाही. बॉम्ब निकामी करायचा असतो, त्याच्याशी बोलायचे नसते.

आणीबाणीतील सक्ती एका शब्दामुळे झाली असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. नसबंदीची लक्ष्ये होती, ती पुरी करण्यासाठी कर्मचाऱ्यांवर दडपण होते, राजकीय महत्त्वाकांक्षा होती. पण सक्तीला लागणारी घाई या शब्दाने सभ्य करून दिली. १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्रात तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयक विधिमंडळाने संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. १९७७ च्या निवडणुकीत उत्तर भारतात काँग्रेसचा धुव्वा उडाला. त्यानंतर आलेल्या जनता सरकारने 'कुटुंब नियोजन' हे नाव काढून त्या जागी 'कुटुंब कल्याण' हे नाव दिले.