नाशिकचा हिरा : वजन आणि तेज

श्रीक्षेत्र त्र्यंबकेश्वराशी ज्याचे नाव जोडले गेले तो ‘नाशिकचा हिरा’ गोवळकोंड्याच्या खाणींतला. तो त्र्यंबकेश्वराच्या देवालयात होता असे परंपरा सांगते. पुढे तो पेशव्यांकडे आला आणि १८१८ साली पेशवाईच्या अस्तासमवेत ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती पडून विलायतेस गेला. तेव्हा त्याचे वजन सुमारे ९० कॅरट होते.

विलायतेतील जवाहिऱ्यांना त्याचा घाट बेढब वाटला. त्यावरून आपले कारागीर अजाण होते असे म्हणणे मात्र अन्यायाचे ठरेल. हिंदुस्थानात हिऱ्याचे वजन राखणे हेच कसब मानले जाई. युरोपात तेजाला अधिक मान होता. दृष्टीच निराळी!

हे तेज येते कोठून? हिऱ्यात शिरलेला प्रकाश आतल्या पैलूंवर योग्य कोनाने आदळला, तरच तो परतून पाहणाऱ्याच्या डोळ्यांपर्यंत पोहोचतो. तळ उथळ राहिला तर प्रकाश खालून निसटतो, फार खोल झाला तर बाजूने; आणि निर्मळ पाण्याचा हिराही निस्तेज दिसतो. गोल हिऱ्यासाठी या कोनांचे गणित मार्सेल टोल्कोव्स्की यांनी १९१९ साली मांडले. त्याआधी सारा भरवसा कारागिराच्या नजरेवर असे.

कोहिनूरची कथा याच जातीची. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात तो पाहून लोकांची निराशा झाली. १८५२ मध्ये पुन्हा पैलू पाडताना तो सुमारे १८६ कॅरटांवरून सुमारे १०६ वर आला. जवळजवळ अर्धा हिरा सहाणेवर गेला!

नाशिकच्या हिऱ्याच्या बाबतीत लंडनच्या रंडेल अँड ब्रिज पेढीने अधिक संयम दाखविला. मूळ आकार शक्यतो राखून नवे पैलू पाडले, त्यात दहा-अकरा कॅरटच गेले. पुढे तो वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसच्या तलवारीच्या मुठीवर बसला. खरा पालट १९४० नंतरचा. न्यूयॉर्कचे जवाहीर हॅरी विन्स्टन यांनी तो घेऊन त्यास पाचूसारखा चौकोनी, पायऱ्यापायऱ्यांचा घाट दिला. या घाटात लुकलुक कमी, पण रुंद, शांत झळाळी असते. आतला बारीकसा दोषही लपत नाही, म्हणून तो निर्दोष हिऱ्यालाच शोभतो. हिरा निर्दोष ठरला. वजन उरले ४३.३८ कॅरट. जवाहिऱ्याच्या हिशेबाने सौदा चोख होता, परंतु पेशव्यांनी पाहिलेला हिरा त्या दिवशी कायमचा संपला.

१९७० साली न्यूयॉर्कच्या लिलावात तो ५ लाख डॉलरना विकला गेला.