बेळगावचे दुकान आणि कुंडलचा माळ



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण हिंडलग्याच्या या शाळेत जमलो आहोत, ते निकालाच्या दिवशी नापास मुलाला आधी जवळ बोलावीत. मी मात्र आयुष्यभर हुशार विद्यार्थ्यांना नोकरीसाठी शिफारसपत्रे लिहिली. नापासांची विचारपूस केली नाही. ही उणीव मनात ठेवूनच आजचा विषय निवडला आहे.

बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत असत. बंधू रामूअण्णांसह त्यांनी बेळगावात काढलेल्या सायकलींच्या दुकानाचा आरंभ १८८८ सालचा मानतात. तेव्हा लक्ष्मणराव एकोणीस वर्षांचे होते. पुढे बढतीत डावलले गेल्यावर नोकरी सोडून ते बेळगावी आले. कडबा कापण्याची यंत्रे झाली, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली!

इतक्यात नगरविस्तारासाठी नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडावयास सांगितले. त्या वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला, दहा हजार रुपयांचे कर्जही दिले. तेथे १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. बेळगावचा रोजगार असा कुंडलच्या माळावर गेला.

ही वसाहत उभारणारी माणसे कोण होती? अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले; तेथे ते यंत्रज्ञ झाले. के. के. कुलकर्णी अभ्यासात अपयशी. वसाहतीत पडेल ते काम त्यांनी अंगावर घेतले. दरोड्याची शिक्षा झालेले दोघे तेथील विश्वासू रखवालदार होते. हिंडलग्याचे नाव काढताच परगावच्या माणसाला तुरुंग आठवतो. म्हणून हा तपशील येथे मुद्दाम सांगतो.

लक्ष्मणरावांपाशी कसब होते, चिकाटी होती. तरी औंधने जागा दिली नसती तर पुढचे अवघड होते. मिळालेल्या जागेत त्यांनी इतरांना सामावून घेतले. रोजगारनिर्मितीचा इतिहास मला येथे दिसतो.

माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांची यंत्रे उद्यमबागेत चालतात, ज्यांची बेळगावात दुकाने आहेत, त्यांना माझी एक विनंती आहे. या शाळेतून बाहेर पडलेल्या एका तरी तरुणाला, त्याची गुणपत्रिका न मागता, वर्षभर हाताशी घेऊन काम शिकवावे आणि पुढे त्याने स्वतःचे दुकान काढले तर पहिले काम त्याला द्यावे. गुरुजींचे स्मरण याहून निराळे काय असणार?