दाद कोणाकडे मागावी? : खानदेशातील जिन, गिरणी आणि कायदा

खानदेशचा इतिहास म्हटला की फारुकी सुलतान आठवतात, थाळनेर आणि लळिंगचे किल्ले आठवतात, फार तर भिल्लांचे उठाव आठवतात. धुळ्यास इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाने संशोधन मंडळ आहे. तेथे जुने कागद जिवापाड जपलेले आहेत आणि ते जपले हे फार चांगले झाले. दोनशे-तीनशे वर्षांपूर्वी कोणा पाटलाने वतनाबद्दल कोणाकडे तक्रार केली, तिचा निवाडा कसा झाला, हे अशा कागदांवरून सांगता येते. परंतु याच मुलखात सुमारे दीडशे वर्षे जिन आणि गिरण्या चालल्या. त्यांतल्या कामगाराने साहेबापुढे काय गाऱ्हाणे मांडले आणि त्याला काय उत्तर मिळाले, त्याचे दप्तर कोणी बांधून ठेवलेले नाही. गिरणी बंद पडली की पहिल्यांदा रद्दीत जाते ती टाइम ऑफिसची कपाटे. म्हणून आजचा विषय मला कायद्याच्या पुस्तकांतून, जुन्या चौकशी-समित्यांच्या अहवालांतून आणि कोर्टाच्या पायरीवर ऐकलेल्या गोष्टींतून जुळवावा लागला आहे. माझी शाळा लवकर सुटली. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे त्यात विद्वत्ता शोधू नये.

दाद हा शब्द फारशीतून आपल्याकडे आला. त्याचा मूळ अर्थ न्याय. दाद मागणे म्हणजे न्याय मागणे. आणि दाद लागू न देणे म्हणजे काय, हे गिरणीत काम केलेल्याला वेगळे सांगावयास नको.

अमेरिकेतील यादवी युद्ध 1861 ते 1865 पर्यंत चालले, तेथला कापूस विलायतेस जाईनासा झाला आणि आपल्या काळ्या जमिनीला एकाएकी भाव आला. पाठोपाठ लोहमार्ग आला. जळगावचे खेडे कापसाची पेठ झाले. 1870 नंतरच्या दशकात मुंबईचे व्यापारी मुळजी जेठा यांनी तेथे खानदेश मिल उभी केली. पण गिरणीच्याही आधी आणि गिरणीहून अधिक ठिकाणी वाढली ती जिन-प्रेस. सरकी काढावयाची आणि रुईचे गठ्ठे बांधावयाचे, एवढेच काम. तेथे यंत्रापुढे बसत त्या बहुतेक बाया.

1881 साली हिंदुस्थानात पहिला कारखाना कायदा झाला. तो शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या आणि वर्षातून चार महिन्यांपेक्षा जास्त चालणाऱ्या कारखान्यांना लागू होता. लहान, हंगामी जिन त्यातून आपोआप निसटली. मुंबई सरकारने 1884 साली एक कमिशन नेमले. त्याच्यापुढे खानदेशातील जिनच्या कामाची जी हकीकत आली ती वाचून आजही अंगावर काटा येतो. पहाटे चार-पाचला काम सुरू, रात्री नऊ-दहाला बंद. आणि हंगामाची घाई असली म्हणजे त्याच बाया दिवसरात्र, अनेक दिवस सलग. ही माहिती कोणा चळवळ्याने दिलेली नाही. जिन चालविणाऱ्यांच्याच तोंडची आहे, आणि ती लपविण्याची त्यांना गरज वाटली नाही. धंदा असाच चालावयाचा, अशी त्यांची साधी समजूत होती. मालकी हक्काची पहिली व्याख्या हवी असेल तर ती येथे आहे. कारण सांगावे लागत नाही, तो हक्क.

त्याच कमिशनसाठी मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर 1884 मध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत, जखमी झालेल्यास मदत, अशा त्यातल्या मागण्या होत्या. आज त्या फारच माफक वाटतील. माझ्या दृष्टीने त्यातली मोठी गोष्ट मागण्यांची नव्हे, सह्यांची आहे. एकट्याने साहेबापुढे जाणे ही विनवणी. साडेपाच हजारांनी एका कागदावर जाणे ही दाद. जिनमधल्या बाईला मात्र लोखंडे भेटले नाहीत. 1891 च्या कायद्याने बायांचे काम अकरा तासांवर आणले आणि पन्नास माणसांचे कारखाने हिशेबात धरले, तेव्हा कोठे तिची सावली कायद्यावर पडली.

पुढे 1906 साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. त्याच सुमारास अमळनेरास मोतीलाल माणेकचंद ऊर्फ प्रतापशेठ यांनी प्रताप मिल काढली. त्यानंतर धुळ्यास न्यू प्रताप आणि चाळीसगावास लक्ष्मीनारायण मिल झाली. प्रतापशेठ साधे सावकार नव्हते. अमळनेरचे तत्त्वज्ञान मंदिर त्यांच्या औदार्याचे, शाळा आणि कॉलेज त्यांच्या नावाचे. अशा गावात गिरणीविरुद्ध तक्रार करणे किती अवघड, याचा विचार करावा. ज्याच्या नावाच्या शाळेत मुलगा शिकतो, त्याच्याच नावाच्या गिरणीत बाप काम करतो. दातृत्व आणि दरारा एकाच दारातून येतात, तेव्हा तक्रार ही कृतघ्नता ठरते. त्याच शाळेत 1924 ते 1930 पर्यंत शिकविलेले साने गुरुजी पुढे अमळनेरच्या कामगारांत उभे राहिले आणि 1938 साली तेथूनच त्यांनी ‘काँग्रेस’ साप्ताहिक काढले, ही गोष्ट मला म्हणूनच फार मोलाची वाटते.

खात्यात दाद मागावयाची ती जॉबरकडे. भरती त्याच्या हाती, बदलीवाल्याला आज काम द्यावयाचे की नाही ते त्याच्या हाती, रजा त्याच्या हाती. आणि बहुतेक गाऱ्हाणी होती ती जॉबरविरुद्धच! शाही मजूर कमिशनने 1931 च्या अहवालात जॉबरच्या दस्तुरीवर स्वच्छ बोट ठेवले आणि लेबर ऑफिसर नेमावेत अशी शिफारस केली. 1934 चा समेटाचा कायदा मुंबई शहर-उपनगरापुरता राहिला. 1938 चा औद्योगिक तंट्यांचा कायदा प्रांतासाठी होता. तो आधी तडजोड, मग संप असा क्रम सक्तीचा करणारा म्हणून डॉ. आंबेडकर आणि कम्युनिस्ट यांनी मिळून त्याला विरोध केला आणि 7 नोव्हेंबर 1938 रोजी एक दिवसाचा संप घडविला. संपाचा हक्क हे स्वातंत्र्याचेच दुसरे नाव, असा आंबेडकरांचा मुद्दा होता. तो मला आजही बिनतोड वाटतो. परंतु तक्रार ऐकण्याची कायदेशीर पायरी याच कायद्याने बांधावयास घेतली, हेही खरे.

खरे बांधकाम झाले ते 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यात. खानदेशच्या कापड कामगाराचे नशीब पुढे कित्येक वर्षे या एका कायद्याने बांधलेले होते. त्याची गंमत त्याच्या तीन परिशिष्टांत आहे. गिरणीत घडणारी प्रत्येक गोष्ट या तीन खणांत वाटून टाकली आहे. पहिला खण स्थायी आदेशांचा : कायम कोण, बदली कोण, पाळ्या, हजेरी, रजा, शिस्त, शिक्षा. दुसरा खण, ज्या गोष्टी मालकाने नोटीस दिल्याशिवाय बदलावयाच्या नाहीत त्यांचा : माणसे कायमची कमी करणे, रॅशनलायझेशन, पगार, कामाचे तास. तिसऱ्यात कामाची वाटणी, खात्यातून खात्यात बदली, पुरविलेल्या मालाचा दर्जा, परत कामावर घेणे. यासाठी लेबर कोर्टाचे दार.

मालाचा दर्जा हे शब्द वाचून कोणाला वाटेल, यात कामगाराचे काय? वैशाखात या. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो, हवा पापडासारखी कोरडी होते. कोरड्या हवेत सूत तुटते. खात्यात पाण्याचा फवारा नीट चालला नाही, किंवा साहेबाने हलक्या कापसाचे मिश्रण लावले, की धागा घटकेघटकेला तुटणार, माग थांबणार, आणि विणकराला पगार मिळतो तो उतरलेल्या कापडावर. कापूस कोणता घ्यावा हा मालकाचा हक्क. त्याचा तोटा मात्र कामगाराच्या चिठ्ठीत. वर कापडात दोष निघाला तर दंड, तोही त्यालाच.

साहेबाच्या हक्काची मी थट्टा करीत नाही. कोणत्या नंबरचे सूत काढावयाचे, कोणते यंत्र घ्यावयाचे, हे कोणी तरी एकाने ठरविले पाहिजे, आणि युनियनच्या सभेत हात वर करून ते ठरत नाही. ज्या पुढाऱ्यांनी उलट सांगितले त्यांनी कामगारांना फसविले. प्रश्न इतकाच, की ठरविण्याचा हक्क जेथे दुसऱ्याच्या भाकरीला लागतो, तेथे त्याने कारण सांगावे की नाही?

आता पहिल्या खणाकडे परत येऊ. 1946 सालीच केंद्राने स्थायी आदेशांचा कायदा केला, शंभरांवर माणसे असलेल्या कारखान्यांसाठी. स्थायी आदेशात काय काय असावे त्याच्या यादीत दहावे कलम असे आहे : मालक किंवा त्याची माणसे यांच्याकडून अन्यायाची वागणूक किंवा गैरवसुली झाल्यास कामगाराने दाद मागण्याचा मार्ग. ‘गैरवसुली’ हा शब्द जॉबरच्या दस्तुरीची आठवण ठेवूनच आला असावा. वाचून बरे वाटते. मग नमुन्याचे स्थायी आदेश उघडावेत. त्यात शिस्तीचे कलम लांबलचक, गैरवर्तनाची यादीच्या यादी. आणि दाद मागण्याचे कलम? तक्रार मॅनेजरकडे द्यावी, अपील मालकाकडे करावे. संपले! ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणे त्याच्याच टेबलावर गाऱ्हाणे.

ही उणीव सरकारलाही दिसत होती. 1958 साली नैनीताल येथे भरलेल्या सोळाव्या भारतीय श्रम परिषदेत शिस्तसंहिता मंजूर झाली आणि तिच्या जोडीला तक्रार-निवारणाचा नमुना ठरला. खात्याच्या अधिकाऱ्याने अठ्ठेचाळीस तासांत उत्तर द्यावे, नाही पटले तर खातेप्रमुखाने तीन दिवसांत, मग दोन्ही बाजूंच्या समितीने सात दिवसांत, मग व्यवस्थापनाने तीन दिवसांत, शेवटी लवाद. इतका सुबक जिना आपल्याकडे दुसरा झाला नसेल. पण ही संहिता स्वखुशीची. मोडणाऱ्याला शिक्षा नाही. तरी ज्या कारखान्यात युनियन जागी होती तेथे या जिन्याचा उपयोग झाला, हे मी पाहिलेले आहे. लेखी उत्तर देण्याची सवय लागली की सुपरवायझरची भाषा बदलते.

मुंबईच्या कायद्यात लेबर कोर्टाचे दार उघडे होते, पण उंबरठा उंच होता. आधी मालकाकडे लेखी मागणी, तीही तीन महिन्यांच्या आत. माझ्या सुरुवातीच्या काळात एका कारखान्यातला मध्यम वयाचा फिटर माझ्याकडे आला. त्याला तोंडी आज्ञेने कामावरून बंद केले होते. ‘उद्या बघू’ असे मॅनेजर रोज सांगे आणि हा बिचारा रोज फाटकाशी जाऊन उभा राही. असे पाच महिने गेले. ‘भाऊ, मी तर रोज सांगत होतो,’ एवढेच तो म्हणे. कागद एकही नव्हता. प्रकरण गुणावर गेलेच नाही, मुदतीवर संपले. तेव्हापासून आमच्या कचेरीत पोस्टाची पोचपावती देवाच्या फोटोखाली ठेवली जाते.

आणखी एक गोष्ट या कायद्यात होती. जेथे प्रातिनिधिक युनियन असेल तेथे बोलावयाचे तिनेच. 1962 साली सर्वोच्च न्यायालयाने एका गुजराती गिरणीच्या खटल्यात यावर शिक्कामोर्तब केले : अशी युनियन उभी राहिली की एकट्या कामगाराला वेगळे उभे राहता येत नाही. यामागचा हेतू चांगला होता. दहा युनियनांच्या भांडणात कामगार भरडू नये. पण युनियनच साहेबाच्या खिशात गेली तर? तक्रारीचे दार एकच आणि त्याची किल्ली तिसऱ्याकडे. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईत जो संप सुरू झाला, त्याच्या मुळाशी पगाराइतकाच हा राग होता.

दरम्यान 1974 च्या कायद्याने देशातल्या आजारी गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. धुळ्याची न्यू प्रताप आणि चाळीसगावची लक्ष्मीनारायण सरकारकडे गेल्या. मालक बदलला, स्थायी आदेश तेच, खुर्चीवरची माणसेही पुष्कळशी तीच. तक्रार दिल्लीला जाते, एवढे नवे उत्तर कामगाराला मिळू लागले. जळगावच्या खानदेश मिलचा भोंगाही थांबला आणि थकबाकीसाठी कामगार वर्षानुवर्षे कचेऱ्यांचे उंबरठे झिजवीत राहिले. गिरणी बंद झाल्यावर मागावी लागणारी दाद कोणत्याच परिशिष्टात बसत नाही.

बडतर्फीच्या बाबतीत मात्र एक पाऊल पुढे पडले, ते नोंदविले पाहिजे. 1958 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते, की व्यवस्थापनाने खात्यात चौकशी करून काढून टाकले तर न्यायाधिकरणाने अपील-कोर्टासारखे बसू नये. दुष्टबुद्धी, सूडबुद्धी, नैसर्गिक न्यायाचा भंग किंवा निव्वळ निराधार निष्कर्ष असेल तरच हात घालावा. 1971 साली औद्योगिक विवाद कायद्यात कलम 11-अ घातले गेले आणि शिक्षा जास्त आहे का, हे पाहून ती कमी करण्याचा अधिकार न्यायाधिकरणास मिळाला. दहा मिनिटे उशीर आणि बडतर्फी, हे गणित त्यानंतर मालकाला कोर्टात समजावून सांगावे लागू लागले.

आता 2020 ची औद्योगिक संबंध संहिता आली आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून ती अमलात आहे. वीस कामगार असलेल्या प्रत्येक आस्थापनेत तक्रार-निवारण समिती हवी, दोन्ही बाजूंची माणसे समसमान, अध्यक्ष एक वर्ष मालकाचा, एक वर्ष कामगारांचा, बायांना त्यांच्या प्रमाणात जागा, निकाल तीस दिवसांत. 1958 चा स्वखुशीचा जिना आता कायद्याचा झाला, याबद्दल मी समाधान व्यक्त करतो. मात्र त्याच संहितेने स्थायी आदेशांची मर्यादा शंभरावरून तीनशेवर नेली. जळगावच्या एम.आय.डी.सी.तल्या डाळमिला आणि चटईचे कारखाने मनाशी मोजून पाहा. तीनशे माणसे किती ठिकाणी आहेत? तेथे तक्रार ऐकण्यास समिती असेल, पण कोणता नियम मोडला हे दाखविण्यास छापील नियम नसेल.

आणि जिन अजूनही चालतात. कार्तिकात कापूस येऊ लागला की मुकादम बाया घेऊन येतो. हजेरीपटावर मालकाची माणसे पंधरा-सोळा, बाकीच्या मुकादमाच्या. परवा एका बाईला विचारले, ताई, हाताला लागले तर कोणाला सांगता? ती म्हणाली, ‘मुकादमाले सांगतस.’ ही वीस माणसे कोणाच्या हजेरीवरची धरावयाची, हा वाद यंदाच्या हंगामात आम्ही लेबर ऑफिसात लेखी दिला आहे.